खोकल्याचे मोल

आज ५ सप्टेंबर. शाळाशाळांतून आज दहावीची मुले तासाभरापुरती सर आणि बाई होतील, फळ्यावर रंगीत खडूंनी शुभेच्छा लिहिल्या जातील, टेबलावर गुलाबाची फुले साठतील. याच तारखेला जगात आणखी एक दिवस पाळला जातो, पण आपल्याकडे त्याची फारशी वाच्यता होत नाही. तो आहे मज्जारज्जूच्या दुखापतीचा जागतिक दिवस. २०१६ पासून तो सुरू आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगभरात दीड कोटीहून अधिक माणसे ही दुखापत अंगावर वागवत जगतात. त्यांतले कुणी उंचावरून पडलेले, कुणाला रस्त्यावर वाहनाने उडवलेले, कुणी हिंसाचारात सापडलेले.

या दिवसाच्या भित्तिपत्रकावर हमखास चाकाची खुर्ची असते. ती असावीच. आपल्या कितीतरी सरकारी कचेऱ्यांच्या पायऱ्या अजूनही तिला दारातच अडवतात. पण त्या खुर्चीने आपली नजर पायांवर खिळवून ठेवली आहे, हेही तितकेच खरे. मणक्याला मार लागला म्हणजे पाय गेले, फार तर हातही गेले, एवढेच आपल्याला ठाऊक. श्वासाचे काय झाले, हे भेटायला आलेला पाहुणा विचारत नाही आणि पुष्कळदा घरच्यांनाही ते कुणी नीट समजावून सांगितलेले नसते. पाय गेले म्हणून कुणी दगावत नाही. छाती भरते, कफ बाहेर पडत नाही, न्यूमोनिया होतो आणि त्यात अनेकजण जातात.

हे का घडते, हे समजायला फार शास्त्र लागत नाही. फुप्फुसे स्वतःहून श्वास घेत नाहीत. हवा आत ओढायला लागणारे स्नायू त्यांच्याकडे नाहीत. छातीच्या पिंजऱ्यात टांगलेल्या त्या दोन मऊ पिशव्या आहेत आणि त्यांना फुगवण्याचे काम बाहेरचे स्नायू करतात. छाती आणि पोट यांच्यामधला घुमटासारखा पडदा, म्हणजे श्वासपटल, खाली सरकतो. बरगड्यांमधले स्नायू पिंजरा रुंद करतात. खोल श्वास घ्यायचा तर मानेचे स्नायूही मदतीला येतात. या सगळ्यांना हुकूम जातो मेंदूतून आणि तो खाली उतरतो मज्जारज्जूतून.

एखाद्या चाळीत गच्चीवरच्या टाकीतून पाण्याचा एकच नळ मजल्यामजल्याने खाली उतरतो, तशी ही रचना आहे. नळ ज्या मजल्यावर फुटतो, त्याच्या खालच्या सगळ्या खोल्या कोरड्या पडतात. श्वासपटलाला हुकूम नेणाऱ्या मज्जातंतूचा फाटा मानेतच निघतो, मणक्यांच्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या पायरीवर. बरगड्यांमधल्या स्नायूंचे फाटे त्याच्या खाली, छातीच्या पातळीवर एकेक करून निघतात. पोटाच्या स्नायूंचे त्याहून खाली, छातीच्या निम्म्यापासून कमरेच्या सुरुवातीपर्यंत. म्हणून पोटाच्या स्नायूंचे फाटे तोडायला छातीतली दुखापतही पुरते. श्वासपटल मात्र मानेत, तेही बरेच वर घाव बसल्याशिवाय बंद पडत नाही.

मानेच्या पहिल्या-दुसऱ्या पायरीवर रज्जू पूर्ण तुटला, तर माणूस आपला आपण श्वास घेऊ शकत नाही. पहिल्या काही मिनिटांत कृत्रिम श्वास मिळाला नाही, तर तो वाचत नाही. तिसऱ्या-चौथ्या पायरीवर श्वासपटलाला अर्धेमुर्धे बळ उरते. यातले पुष्कळ रुग्ण सुरुवातीला व्हेंटिलेटरवर जातात आणि आठवड्यांच्या, महिन्यांच्या मेहनतीने त्यावरून उतरतात. पाचव्या पायरीच्या खाली दुखापत असेल, तर श्वासपटल शाबूत राहते आणि श्वास आपला आपण चालतो. आपल्याकडच्या विहिरीत किंवा नदीच्या उथळ डोहात सूर मारणारी मुले साधारण याच भागात, मानेच्या खालच्या निम्म्यात, दुखापत करून घेतात. उन्हाळ्याची सुटी, पाणी आटलेले, काठावर मित्रांचा आरडाओरडा, आणि डोके थेट तळाच्या दगडावर.

रुग्णालयाच्या दारात नातेवाईक एकमेकांना धीर देतात, ‘हातपाय हलत नाहीत, पण देवाच्या दयेने श्वास चालू आहे.’ फसगत नेमकी इथेच होते. श्वास चालू असतो, पण तो अर्धाच असतो. हवा आत घेता येते, जोर लावून बाहेर टाकता येत नाही.

वाचकांनी इथे क्षणभर थांबून एक करून पाहावे. तळहात पोटावर, बेंबीच्या जरा वर ठेवा आणि एकदा जोरात खोका. हाताखाली पोट दगडासारखे टणक होऊन आत ओढले गेलेले जाणवेल. खोकला घशाचा वाटतो, पण त्याचे बळ पोटात असते. आधी खोल श्वास, मग कंठ क्षणभर मिटलेला, त्याखाली हवा कोंडलेली, आणि मग पोटाच्या एका धक्क्यासरशी कंठ उघडून बेडका बाहेर. मानेत दुखापत झालेल्या माणसाचा पहिला श्वास तोकडा असतो आणि शेवटचा धक्का तर नसतोच. मिनिटाला १६० लिटरचाही वेग खोकल्याला गाठता आला नाही, तर तो निरुपयोगी मानला जातो, आणि तो २७० च्या खाली असेल तर साधी सर्दीही छातीत उतरून जीवावर बेतू शकते. अशा माणसाचा खोकला खोलीच्या दुसऱ्या टोकाला ऐकूही येत नाही. त्याला गरम चहावर फुंकर घालणे जड जाते, नाक शिंकरता येत नाही, दुसऱ्या खोलीतल्या आईला हाक पोहोचवता येत नाही. तो तीन-चार शब्द बोलतो, थांबतो, पुन्हा श्वास घेतो आणि वाक्य पुढे नेतो. ऐकणारा घाईत असेल, तर ते वाक्य त्याच्याआधी स्वतःच पुरे करून मोकळा होतो.

संकट एवढ्यावर थांबत नाही. फुप्फुसांतल्या नळ्या आकुंचन पावाव्यात की सैलावाव्यात, त्यांत चिकट स्राव किती सुटावा, हे ठरवणाऱ्या दोन यंत्रणा शरीरात एकमेकींना तोलून धरतात. त्यांतल्या एकीचे तंतू मज्जारज्जूतून उतरतात, दुसरीचे रज्जूला बगल देऊन थेट मेंदूकडून येतात. मानेत घाव बसला की पहिली गप्प होते आणि दुसरी मोकाट सुटते. नळ्या आवळतात, कफ वाढतो. म्हणजे ज्याला खोकता येत नाही, त्याच्याच छातीत कफ जास्त. कफाने एखादी नळी बुजली की तिच्यापुढचा फुप्फुसाचा तुकडा हवा संपून मिटतो, आणि त्या मिटलेल्या भागात जंतूंना घर मिळते.

पहिले काही दिवस सर्वांत फसवे. दाखल होताना बरा श्वास घेणारा रुग्ण दोन-चार दिवसांत थकत जातो. एकट्या श्वासपटलावर सगळा भार पडलेला, रज्जूला सूज आलेली, छातीचे स्नायू लुळे. श्वास घेताना पोट वर येते आणि छाती मात्र आत जाते. हे उलटे दृश्य अशा रुग्णाच्या उशाशी बसणाऱ्या प्रत्येकाने ओळखायला शिकावे. पुढे चित्र पालटते. काही आठवड्यांनी लुळे स्नायू ताठरतात, त्यामुळे पिंजरा आत ओढला जाणे कमी होते, आणि तीन-चार महिन्यांत फुप्फुसांत मावणारी हवा बरीच वाढू शकते. हे महिने निभावून नेले, तर पुढची वाट पुष्कळ सुकर होते.

वॉर्डात नेहमी दिसणारी एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे. धाप लागलेल्या माणसाला उठवून, पाठीला उशा लावून बसवायचे, हे आपल्या अंगवळणी पडलेले शहाणपण. दम्याच्या, हृदयविकाराच्या रुग्णाला त्याने आराम पडतोही. मानेत दुखापत झालेल्याचे मात्र उलटे असते. बसवले की त्याचे सैल पोट पुढे ओघळते, पोटातले अवयव खाली सरकतात आणि श्वासपटलाचा घुमट आधीच सपाट होतो. मग खाली जायला त्याला जागाच उरत नाही. आडवे केले की पोटातले अवयव त्याला पुन्हा वर ढकलतात आणि श्वास खोल जातो. मावशी मायेने खाट वर करते, रुग्ण तुटक शब्दांत ‘खाली घ्या’ म्हणतो, आणि त्याला काय कळतेय म्हणून सगळे त्याला गप्प करतात. बसणे तर कधी ना कधी शिकावेच लागते. त्यासाठी पोटाला रुंद पट्टा बांधतात आणि तो गेलेल्या स्नायूंचे काम थोडेफार करतो. ही साधी गोष्ट घरच्यांना सांगायला पाच मिनिटे पुरतात. ती पाच मिनिटे आपल्या व्यवस्थेत कुणाच्याच वाट्याला दिलेली नाहीत.

या दुखापतीचा इतिहासही हेच सांगतो. इजिप्तमधल्या साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या एका पपायरसात मान मोडून हातापायांची जाणीव गेलेल्या रुग्णाचे वर्णन आहे आणि पुढे ‘यावर उपचार करू नये’ असा निवाडा. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकापर्यंत तो निवाडा जवळजवळ तसाच टिकून होता. १९४४ मध्ये इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल येथे लुडविग गुटमन या जर्मनीतून परागंदा झालेल्या ज्यू डॉक्टरने सैनिकांसाठी विभाग उघडला. त्याने जादूची शस्त्रक्रिया काही केली नाही. रुग्णाला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचे, रात्री-अपरात्रीही वळवायचे. लघवीच्या नळीची स्वच्छता काटेकोर पाळायची. आणि अंथरुणातून उठवून कामाला, खेळाला लावायचे, एवढेच त्याने केले. शय्याव्रण आणि मूत्रपिंडाचे जंतुसंसर्ग यांनी महिन्यांत मरणारी माणसे पुढे दशके जगू लागली. त्याच अंगणात १९४८ मध्ये सुरू झालेल्या धनुर्विद्येच्या स्पर्धेतून आजचे पॅरालिम्पिक उभे राहिले. मूत्रपिंडाचे मरण मागे हटले, तेव्हा श्वसनाचे आजार मृत्यूच्या कारणांत वर आले. पहिली लढाई शिस्तीने आणि शिकवलेल्या हातांनी जिंकली गेली होती. दुसरीही तशीच जिंकता येते, असे आमचे म्हणणे आहे.

यंत्रांना कमी लेखण्याचा हेतू नाही. १९९५ च्या मे महिन्यात ‘सुपरमॅन’ची भूमिका गाजवलेला अभिनेता ख्रिस्तोफर रीव्ह घोड्यावरून पडला आणि त्याची मान अगदी वरच्या पायरीवर मोडली. गळ्यातल्या नळीतून हवा ढकलणाऱ्या यंत्रावर तो जगला. २००३ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँडला त्याच्या श्वासपटलात विजेचे तंतू बसवून ते स्पंदित करण्याचा प्रयोग झाला. काही काळ का होईना, यंत्राच्या नळीऐवजी नाकातून हवा आत जाऊ लागली आणि कित्येक वर्षांनी त्याला वास येऊ लागले. नाकातून हवा गेल्याशिवाय वास येत नाही, हे आपल्या कधी ध्यानातही येत नाही. पुढच्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, चिघळलेल्या शय्याव्रणावर उपचार चालू असताना, हृदय बंद पडून तो गेला. उत्तमोत्तम तंत्र हाताशी असलेल्या माणसाचाही जीव शेवटी रोजच्या शुश्रूषेवर टांगलेला असतो.

आपल्याकडे मणक्याची दुखापत म्हटले की मुरलीकांत पेटकरांचे नाव निघते. सांगली जिल्ह्यातले हे जवान १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले, उपचार म्हणून पोहू लागले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्याचे सुवर्णपदक घेऊन आले. त्यांच्यावरच्या चित्रपटामुळे ते घराघरांत पोहोचले, हे चांगलेच झाले. पण पोहायला लागणारे दंड आणि दम त्यांच्यापाशी शाबूत होते. रज्जू तोच, फुटलेला मजला वेगळा. मानेत घाव झालेल्या माणसाला ‘मनात आणले तर काय अशक्य आहे’ असे सुनावताना हा फरक लक्षात ठेवावा. त्याच्यासाठी एक दणदणीत खोकला हेच सुवर्णपदक असते.

ते पदक मिळवून देणारे हात मात्र घरातच तयार करता येतात. सकाळी सात वाजता दोन खोल्यांच्या घरात हे कसे चालते, पाहा. मुलगा खाटेवर उताणा. वडील त्याच्या बरगड्यांच्या खाली, पोटावर दोन्ही तळहात एकावर एक ठेवतात. ‘एक, दोन...’ मुलगा जमेल तेवढी हवा भरून घेतो. ‘तीन’ म्हणताच तो खोकण्याचा प्रयत्न करतो आणि त्याच क्षणी वडिलांचे तळहात आत आणि वर दाब देतात. गेलेल्या पोटाच्या स्नायूंचा धक्का बापाच्या दंडांनी दिलेला असतो. एका वेळी नाही, तर तिसऱ्या-चौथ्या वेळी बेडका सुटतो, आई तो पुसून घेते आणि त्याचा रंग पाहते. पांढरा असेल तर ठीक, पिवळा-हिरवा असेल तर डॉक्टरांना फोन. दाब कुठे द्यायचा, किती द्यायचा, बरगड्या नुकत्या मोडलेल्या असतील तर द्यायचा की नाही, हे वाचून नव्हे, फिजिओथेरपिस्टच्या नजरेखालीच शिकायचे असते. पण शिकायला काही दिवसच लागतात आणि खर्च जवळपास शून्य. हेच काम करणारे खोकल्याचे यंत्रही आहे. आधी हवा भरते आणि मग झटक्यात ओढून घेते. किंमत काही लाखांत जाते.

तीन चेंडूंचे प्लास्टिकचे स्पायरोमीटर तर शस्त्रक्रिया झालेल्या कितीतरी घरांत कपाटावर धूळ खात पडलेले असते. त्यावर ६००, ९००, १२०० असे आकडे. पुष्कळजण त्यात फुंकतात. ते फुंकायचे नसून ओढायचे आहे, हे त्यांना कुणी दाखवलेलेच नसते. गाणेही असेच एक साधे साधन. ऑस्ट्रेलियात मानेच्या दुखापतीच्या रुग्णांना काही आठवडे गाण्याचा सराव दिला, तेव्हा त्यांचा आवाज अधिक जोरकस झाला आणि स्वर अधिक वेळ टिकू लागला. ज्या महाराष्ट्रात गावोगाव भजनी मंडळे आहेत, तिथे अशा माणसाची खुर्ची संध्याकाळी मंडळात नेऊन ठेवायला कोणाची परवानगी लागते?

हे दिवस सणांचे आहेत. दहीहंडीत कोसळलेल्या थरांखाली जखमी झालेल्यांच्या बातम्या दरवर्षी येतात. २०२२ मध्ये राज्य सरकारने या खेळाला साहसी खेळाचा दर्जा जाहीर केला आणि गोविंदांसाठी मदतीचे आकडेही ठरवले. मृत्यूला दहा लाख, दोन्ही हात, पाय किंवा डोळे गमावल्यास साडेसात लाख, एखादा अवयव गमावल्यास पाच लाख. मदत मिळते हे स्वागतार्हच. पण त्या तक्त्याकडे पाहा. त्यात हात मोजले आहेत, पाय मोजले आहेत, डोळे मोजले आहेत. सातव्या थरावरून पडून ज्याचा अर्धा श्वास गेला, त्याच्या पुढच्या तीस वर्षांचा हिशेब त्यात कुठल्या रकान्यात बसतो? भरपाई एकदाच मिळते, पण कफ रोज साठतो.

म्हणून आमची मागणी मोठ्या इमारतींची नाही. पुण्यात खडकीला सैनिकांसाठीचे पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र १९७४ पासून उभे आहे, मुंबईत हाजी अलीला पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था आहे. तिथले ज्ञान नंदुरबारच्या, गडचिरोलीच्या जिल्हा रुग्णालयात पोहोचावे, एवढेच. मानेच्या किंवा छातीच्या पातळीवर दुखापत झालेल्या कोणत्याही रुग्णाला, घरातल्या किमान दोघांना हाताने खोकवणे शिकवून त्यांच्याकडून ते करून घेतल्याशिवाय घरी सोडू नये. डिस्चार्ज कार्डावर औषधांच्या यादीशेजारी तशी नोंद असावी. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसी त्याच कागदावर लिहून द्याव्यात. सक्शन मशिन आणि रात्रीच्या श्वासाचे यंत्र तालुक्याला उसने मिळावे. अशा रुग्णांत झोपेत श्वास अडखळण्याचे प्रमाण मोठे असते. आणि ज्या घरात श्वास विजेवर चालतो, त्या घराची नोंद वीज कार्यालयात असावी, म्हणजे दुरुस्तीसाठी वीज बंद करण्याआधी तिथे एक फोन जाईल.

सरकारने करायचे ते सरकार करील तेव्हा करील. काही गोष्टी आपल्या हातात आजच आहेत. झाडावरून, गच्चीवरून, थरावरून कुणी पडले आणि मान दुखते किंवा हातपाय बधिर झाले म्हणाले, तर चौघांनी धरून रिक्षात कोंबू नका. मान आणि धड एका रेषेत स्थिर धरा आणि १०८ ला फोन करा. दुखापत मानेच्या आणखी एका पायरीने वर सरकली, तर चालू असलेला श्वास तिथेच बंद पडू शकतो.

आज शिक्षक दिन आहे. बापाच्या तळहाताला पोटावरची नेमकी जागा दाखवणाऱ्या फिजिओथेरपिस्टलाही आज गुरुजी म्हणायला हरकत नाही. आणि अशा घरी भेटीला जाणार असाल, तर पाय कधी हलणार हे विचारू नका. खोकला नीट येतो का, ते विचारा. तुम्हाला स्वतःला सर्दी असेल, तर त्या दिवशी जाऊच नका.